मिलिग्रॅम कागदावर, मिलिलिटर हातात: इंदूरच्या रुग्णवाहिकेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी औषधांची ओळख

अ‍ॅड्रिनलिनच्या अँप्युलवर लिहिलेलं असतं, १ मिलीत १ मिग्रॅ. अ‍ॅट्रोपिनच्या नेहमीच्या अँप्युलवर, १ मिलीत ०.६ मिग्रॅ. दोन्ही करंगळीच्या दोन पेरांएवढ्या, दोन्ही काचेच्या, दोन्हींवरचं अक्षर बारीक. रात्री दोन वाजता भंवरकुआँच्या चौकात, टॉर्चच्या उजेडात, नातेवाईक खांद्यावरून वाकून बघत असताना या दोन ओळी नीट वाचणं हेच तुमचं पहिलं काम आहे. औषधशास्त्राचं पुस्तक मिलिग्रॅममध्ये बोलतं, फोनवरचे डॉक्टरही मिलिग्रॅममध्ये सांगतात, पण सिरिंजवर खुणा असतात मिलिलिटरच्या. रुग्णवाहिकेतल्या चुका बहुतेक या दोहोंच्या मधल्या जागेत होतात. म्हणून हा लेख त्या जागेभोवतीच फिरणार आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. खाली दिलेले डोस सर्वमान्य आहेत, तरी तुमच्या सेवेचा लेखी प्रोटोकॉल आणि कॉल सेंटरमधल्या डॉक्टरांचा आदेश यांच्याबाहेर जाऊन काहीही द्यायचं नाही. आदेश मिळाला की तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणा: औषध, मिलिग्रॅम, मिली, कुठून द्यायचं. "बरोबर" असं उत्तर आल्यावरच अँप्युल फोडायची.

ड्युटी सुरू होताना

गाडीची चावी घेण्याआधी औषधांची पेटी उघडा. आधीच्या पाळीतला सहकारी सांगेल, "सगळं भरलंय दादा". त्याच्यावर विश्वास असू द्या, पण मोजा तुम्हीच. प्रत्येक खणात जवळची एक्स्पायरी पुढे आणि लांबची मागे. द्रव गढूळ, पिवळसर किंवा तळाशी कण असलेला दिसला तर ती अँप्युल बाजूला काढा आणि रजिस्टरमध्ये लिहा. अ‍ॅड्रिनलिन खराब होताना गुलाबी-तपकिरी होतं, ते उजेडासमोर धरलं की कळतं.

दिसायला सारख्या अँप्युल्स शेजारी ठेवू नका. अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामिन आणि डोब्युटामिन यांची नावंही फसवतात. सगळ्यात धोक्याची आहे पोटॅशियम क्लोराईडची १० मिलीची अँप्युल. ती डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखी दिसते, आणि पावडर विरघळवायला पाणी समजून ती ओढली आणि शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. रस्त्यावरच्या रुग्णाला सरळ पोटॅशियम देण्याची वेळ येत नाही, त्यामुळे ते पेटीत सापडलं तर तुमच्या सुपरवायझरला सांगून पेटीबाहेर काढायला लावा.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी पार करतो, आणि बायपासवर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचं) आणि लोराझेपाम (झटक्यांचं) २ ते ८ अंशांतच ठेवायचे, म्हणजे गाडीतल्या फ्रिजमध्ये किंवा आइसपॅकच्या डब्यात. बर्फाला चिकटून मात्र नको, कारण गोठलेलं ऑक्सिटोसिनही वाया गेलेलंच समजायचं. बाकीची बहुतेक औषधं २५-३० अंशांखाली टिकतात, म्हणून गाडी सावलीत लावणं हासुद्धा औषध सांभाळण्याचाच भाग आहे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमट हवेने आकडा चुकतो, त्यामुळे तिचं झाकणही बघा.

शेवटी ऑक्सिजन. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याचाही साठा मोजता येतो. १० लिटर पाण्याच्या मापाचा सिलिंडर १५० बार दाबापर्यंत भरला असेल तर आत साधारण १,५०० लिटर वायू असतो. गेजवर ६० दिसत असेल तर त्यातले १५ राखीव सोडा, उरले ४५. पंचेचाळीस गुणिले दहा, म्हणजे ४५० लिटर. रिझर्व्हॉयर मास्कला मिनिटाला १५ लिटर लागतात, म्हणजे हा सिलिंडर तुम्हाला फक्त अर्धा तास पुरेल. बडवाहहून इंदूरला यायचं असेल तर तो अर्ध्या वाटेतच संपेल. हे गणित निघण्याआधी करायचं असतं. आणि रेग्युलेटरच्या धाग्यांना तेल, ग्रीस किंवा व्हॅसलिन लागू देऊ नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.

अँप्युलपासून सुईपर्यंत

लेबल तीनदा वाचायचं: पेटीतून उचलताना, सिरिंजमध्ये ओढताना आणि रुग्णाला देण्याच्या क्षणी. तिसऱ्या वेळी रिकामी अँप्युल सिरिंजशेजारीच हवी, म्हणून ती लगेच टाकू नका. सहकाऱ्यालाही दाखवा आणि त्याच्याकडूनही नाव व आकडा म्हणून घ्या. दोन डोळ्यांना जे दिसत नाही ते चार डोळ्यांना दिसतं.

मग विचारा: कशाची अ‍ॅलर्जी? कोणत्या गोळ्या चालू? इंदुरात हा प्रश्न दोन भाषांत विचारावा लागतो. राजेंद्र नगर किंवा रामबागेतल्या आजी मराठीत सांगतील, शेजारून धावत आलेले लोक हिंदीत किंवा माळवीत. "बीपी की गोली" आणि "शुगर की गोली" एवढ्यावर थांबू नका, स्ट्रिप मागवा. मराठी घरांत औषधांचा डबा बहुतेक देवघराजवळ किंवा फ्रिजवर असतो. तो उचलूनच गाडीत घ्या.

ओढलेल्या प्रत्येक सिरिंजवर चिकटपट्टी लावून नाव आणि "१ मिलीत किती" हे लिहा. बिनलेबलाची सिरिंज हाती आली तर ती फेकायची, आत काय असेल याचा अंदाज बांधायचा नाही.

शिरेतून दिलेल्या प्रत्येक औषधामागे सलाईनचा फ्लश द्या, हृदय थांबलेल्या रुग्णात २० मिली, आणि हात थोडा उंच धरा. फ्लशमुळे औषध नळीतच पडून राहत नाही, शिवाय दोन औषधं एकमेकांत मिसळत नाहीत. फेनिटोइन डेक्स्ट्रोजच्या बाटलीत टाकलं तर स्फटिक होतात, ते फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब एकाच नळीत आले तर पांढरा खडू जमतो.

रिअ‍ॅक्शन: आधी अ‍ॅड्रिनलिन

ज्या एका सवयीसाठी आम्ही नवीन माणसाशी हटून बोलतो ती ही. इंजेक्शनची किंवा मधमाशीची रिअ‍ॅक्शन आली की आपल्याकडे हात आपोआप एव्हिल (खाज-गांध्यांचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) यांच्याकडे जातो. अंगावरच्या गांध्यांसाठी एव्हिल चालतं. पण आवाज बसलाय, श्वासात शिट्टी आहे, ओठ-जीभ सुजलीय, नाडी बारीक आहे किंवा रक्तदाब पडलाय, तर ही अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे आणि तिचं पहिलं औषध अ‍ॅड्रिनलिनच. सुजलेली श्वासनलिका एव्हिलने उघडत नाही आणि पडलेला रक्तदाबही त्याने चढत नाही. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला तास लागतात. तेवढा वेळ तुमच्याकडे नसतो.

मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीतल्या १ मिग्रॅच्या अँप्युलमधून अर्धा मिली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. पॅंटवरूनही देता येतं. दंडात नको, त्वचेखालीही नको, तिथून ते हळू शोषलं जातं. पाच मिनिटांत फरक नसेल तर डॉक्टरांना सांगून तेवढंच पुन्हा. रुग्णाला आडवं ठेवा, पाय उंच. एकदम उठवून बसवल्याने रक्तदाब कोसळून हृदय थांबल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. दम फारच असेल तर मागे टेकवा, पण चालवत गाडीत आणू नका.

लहान मुलांत आकडा बारीक होतो आणि चूक मोठी. किलोमागे ०.०१ मिग्रॅ. वजन माहीत नसेल तर १ ते ६ वर्षांच्या मुलासाठी वय गुणिले दोन अधिक आठ. दोन वर्षांचं मूल म्हणजे साधारण १२ किलो, डोस ०.१२ मिग्रॅ, म्हणजे ०.१२ मिली. आता हे मोजायचं कशात? पाच मिलीच्या सिरिंजमध्ये ते दिसतही नाही. म्हणून काही जण इन्सुलिनची सिरिंज घेतात, आणि तिथेच फसतात. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन इन्सुलिन सिरिंजा मिळतात. ४०च्या सिरिंजमध्ये १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिली, अडीचपट डोस. शिवाय तिची सुई इतकी आखूड की औषध स्नायूपर्यंत पोचतच नाही. पेटीत १ मिलीच्या ट्युबरक्युलिन सिरिंजा ठेवा, त्यावर शतांश मिलीच्या खुणा असतात, आणि सुई बदलून २३ नंबरची लावा.

हृदय थांबलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तिथे १ मिग्रॅ शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी. मुलांसाठी एक अँप्युल आणि ९ मिली सलाईन मिसळून १० मिली करा, आता प्रत्येक मिलीत ०.१ मिग्रॅ, आणि किलोमागे ०.१ मिली द्या. नाडी लागत असलेल्या, शुद्धीवरच्या माणसाला अख्खी अँप्युल शिरेत कधीही ढकलायची नाही. त्यानेच हृदयाची लय बिघडते.

साखर

बेशुद्ध, झटके येणारा, बरळणारा, एका बाजूला लुळा पडलेला, दारू प्यायला म्हणून बाजूला टाकलेला: या प्रत्येकाची साखर आधी बघायची. थेंब घेण्याआधी बोट पाण्याने पुसून कोरडं करा. घरच्यांनी घाबरून तोंडात जिलेबीचा पाक किंवा साखर चोळलेली असते, तो गोडवा बोटाला लागला तर ४० ची साखर १६० दिसते आणि तुम्ही निश्चिंत होता. स्पिरिट लावलं असेल तर ते सुकू द्या.

७० च्या खाली आणि लक्षणं असतील तर, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तोंडाने साखर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही नाही, ते फुप्फुसात जातं. शिरेतून २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्क्यांची १०० मिली बाटली, किंवा १० टक्क्यांचं २५० मिली. कॅन्युला (शिरेत घातलेली नळी) नक्की शिरेत आहे ना, हे सलाईन सोडून तपासा. दाट डेक्स्ट्रोज शिरेबाहेर गेलं तर कातडी आणि मांस सडतं. मुलांना १० टक्क्यांचं, किलोमागे ५ मिली. ते गाडीत नसेल तर ५० टक्क्यांचे १० मिली अधिक डिस्टिल्ड वॉटर ४० मिली, झालं १० टक्क्यांचं ५० मिली.

पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. रुग्ण उठून बसतो, पाणी मागतो, आणि घरचे म्हणतात, "आता बरे आहेत, नेऊ नका." ग्लिमेपिराईड किंवा ग्लिबेनक्लामाईड या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची साखर काही तासांनी पुन्हा उतरते, मग ती झोपेतही उतरू शकते. हे त्यांना समजावून सांगा आणि रुग्णाला घेऊनच या.

झटके

पाच मिनिटांहून जास्त चाललेला झटका औषधाने थांबवायचा. शीर सापडत नसेल तर शोधत बसू नका. ४० किलोंहून जास्त वजनाच्या रुग्णाला मिडाझोलाम १० मिग्रॅ मांडीच्या स्नायूत, १३ ते ४० किलोंत ५ मिग्रॅ. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या रॅम्पार्ट चाचणीत रुग्णवाहिकेत स्नायूतून दिलेलं मिडाझोलाम शिरेतल्या लोराझेपामपेक्षा कमी पडलं नाही. इथे व्हायल बघा: १ मिलीत ५ मिग्रॅ असेल तर २ मिली, पण १ मिलीत १ मिग्रॅवाली असेल तर १० मिली होतात आणि एवढं एका मांडीत मावत नाही. पेटी भरताना म्हणूनच दाट अँप्युल मागून घ्या. मिडाझोलाम देण्याआधी बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) रुग्णाच्या डोक्याशी तयार हवा, कारण श्वास मंदावतो.

गरोदर बाईला पाचव्या महिन्यानंतर किंवा नुकत्याच बाळंत झालेलीला झटका आला तर औषध मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांची २ मिलीची अँप्युल म्हणजे १ ग्रॅम. दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम, म्हणजे पाच-पाच अँप्युल्स, एकूण दहा. दिल्यावर श्वास मोजत राहा. तो मिनिटाला १६च्या खाली आला किंवा गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणं बंद झालं तर पुढचा डोस थांबतो आणि कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, अगदी सावकाश शिरेतून जातं.

गाडीत बाळंतपण झालं तर पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही याची खात्री करा, मग ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. ५ युनिटच्या दोन अँप्युल्स लागतात, एकीवर थांबू नका.

"गॅस झालाय"

सकाळी पोहे-जिलेबी खाल्ली आणि छातीत जळजळतंय, गॅसचं इंजेक्शन द्या, ही मागणी इंदुरात रोज होईल. पॅंटोप्राझोल देऊन घरी सोडण्याआधी दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढा. हृदयविकाराचा संशय असेल आणि अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मिग्रॅ चावून खायला द्या. घरात ७५ ची इकोस्प्रिन असेल तर चार गोळ्या, आणि त्यावर आवरण असल्याने चावणं अनिवार्य. एका बाजूला लुळेपणा आला असेल तर अ‍ॅस्पिरिन नको, सीटी स्कॅनशिवाय रक्तस्राव आहे की गुठळी हे कळत नाही.

सॉर्बिट्रेट (छातीदुखीवर रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा. वरचा रक्तदाब ९० च्या खाली नको. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतलेलं नको, आणि हे घरच्यांसमोर विचारू नका, रुग्णाच्या कानाशी वाकून विचारा, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. तिसरं, ईसीजीत २, ३ आणि एव्हीएफ या लीडमध्ये बदल असतील तर थांबा, उजव्या बाजूचं हृदय बाधित असल्यास सॉर्बिट्रेटने रक्तदाब धाडकन पडतो. तुम्ही पोचण्याआधी घरच्यांनी एक-दोन गोळ्या दिलेल्या असतातच, त्या मोजून घ्या. ऑक्सिजन ९० च्या वर असेल तर इथे मास्क लावायची गरज नाही.

बीपी २०० दिसलं म्हणून डेपिनची (रक्तदाब उतरवणाऱ्या निफेडिपिनची) कॅप्सूल फोडून जिभेखाली सोडण्याची पद्धत अजूनही कुठे कुठे दिसते. लकव्याच्या रुग्णात त्याने मेंदूचा उरलासुरला पुरवठाही तुटतो. तसं कोणी करत असेल तर थांबवा.

फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर

माळव्यात सोयाबीन आणि निमाडात कापूस, त्यामुळे ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक गट) विषबाधेचे रुग्ण येणारच. घाम, लाळ, तोंडाला फेस, टाचणीएवढी बाहुली, छातीत घुरघुर, कपड्यांना लसणासारखा उग्र वास. आधी तुम्ही हातमोजे घाला, रुग्णाचे कपडे काढा, अंग पाण्याने धुवा. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. डबा किंवा पाकीट सोबत घ्या, कारण पॅराक्वाट (तणनाशक) असेल तर चित्र उलटं होतं: तिथे विनाकारण दिलेला ऑक्सिजन फुप्फुसाची हानी वाढवतो.

अ‍ॅट्रोपिनची सुरुवात १.८ ते ३ मिग्रॅ, म्हणजे ०.६च्या तीन ते पाच अँप्युल्स शिरेतून. पाच मिनिटांनी छाती ऐका. घुरघुर तशीच असेल तर डोस दुप्पट. तीन, मग सहा, मग बारा: दहा मिनिटांत २१ अँप्युल्स संपतात. पेटीत दहाच असतील तर पहिल्याच मिनिटाला कॉल सेंटरला सांगा, वाटेतल्या सामुदायिक आरोग्य केंद्रात आणखी मिळतील का ते त्यांना विचारू द्या. थांबायचं कधी? छाती मोकळी, काख कोरडी, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर. बाहुली उशिरा बदलते, तिच्यावर विसंबू नका. नाडी आधीच वेगात आहे म्हणून अ‍ॅट्रोपिन रोखणं ही नवीन माणसाची नेहमीची चूक. या रुग्णाचा जीव फुप्फुसातल्या पाण्याने जातो, त्यामुळे निर्णय छातीच्या आवाजावर घ्यायचा.

अपघात आणि दमा, थोडक्यात

मोठा रक्तस्राव असेल तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, ५०० मिग्रॅच्या दोन अँप्युल्स १०० मिली सलाईनमध्ये, दहा मिनिटांत. दुखापतीपासून तीन तासांच्या आत. घाईने ढकललं तर रक्तदाब पडतो. दम्याला नेब्युलायझर, ऑक्सिजन मिनिटाला ६ ते ८ लिटरवर. धूम्रपानाने फुप्फुसं जुनाट खराब झालेल्या (सीओपीडीच्या) रुग्णात मात्र ऑक्सिजन ८८ ते ९२ मध्ये राखा, शंभर दिसावं म्हणून वाढवू नका.

चालत्या गाडीत

खंडवा रोडवर सिमरोल आणि भेरूघाटाच्या वळणांत कोणतंही इंजेक्शन देऊ नका. ड्रायव्हरला आवाज द्या, गाडी कडेला थांबवा, वीस सेकंदांत औषध द्या, मग निघा. आदेश घाट सुरू होण्याआधी घ्या, मध्येच नेटवर्क जातं.

एम. वाय. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रुग्ण सोपवताना "अ‍ॅट्रोपिन दिलं" एवढं पुरत नाही. "अ‍ॅट्रोपिन १२.६ मिग्रॅ, शिरेतून, शेवटचा डोस ४ वाजून १० मिनिटांनी, त्यानंतर छाती मोकळी, नाडी १२०." हे तोंडीही सांगा, कागदावरही द्या, सही घ्या. मग गाडीत परत येऊन रिकाम्या अँप्युल्स मोजा आणि कागदाशी जुळवा. २१ लिहिल्या असतील तर २१ सापडल्या पाहिजेत. जुळल्या की काच निळ्या डब्यात, सुया पांढऱ्या डब्यात, सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, आणि पुढचा कॉल घेण्याआधी पेटी पुन्हा भरायची.